मातीची खोली स्वतः बांधताना: आधी जोते, मग छप्पर, मग भिंत

शेतावर मातीची खोली बांधायला घेतलेले बरेच जण भेटतात आणि बहुतेकांची गोष्ट एकच असते. मार्चमध्ये उत्साहाने सुरुवात, तीही थेट भिंतीपासून. जूनमध्ये कमरेएवढी भिंत ताडपत्रीखाली आणि मालक आभाळाकडे बघत बसलेला. माझी पहिली भिंतही अशीच गेली. माती चांगली होती, कामाचा क्रम चुकला होता. म्हणून हा लेख क्रमावरच आहे.

पुढचे सगळे आकडे एका खोलीचे आहेत. आतून १० बाय १२ फूट, भिंत दीड फूट जाड आणि आठ फूट उंच, खाली दगडी जोते (पायाचा जमिनीच्या वर येणारा भाग), वर लाकडी खांबांवर मंगलोरी कौलांचे छप्पर. एक दार, दोन खिडक्या. भिंत भेंड्यांची, म्हणजे उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांची. ओल्या चिखलाचे गोळे थरावर थर रचूनही भिंत उभी राहते, पण शिकाऊ माणसाला भेंडे बरे. भेंडा बिघडला तर पुन्हा चिखलात टाकता येतो, भिंत बिघडली तर पाडावी लागते.

## १. तारखा आधी ठरवा

मृग लागतो ७-८ जूनच्या सुमारास. तिथून उलटे मोजत या.

दिवाळी झाली की मातीच्या चाचण्या आणि पाया. डिसेंबर-जानेवारीत भेंडे पाडायचे, त्याच वेळी सुताराकडून छपराचा सांगाडा करून घ्यायचा. फेब्रुवारीत कौले चढली पाहिजेत. मार्च-एप्रिल भिंतीला, मे गिलाव्याला. बाहेरचा चुना पावसाळा संपल्यावर.

फक्त शनिवार-रविवारी काम करणार असाल तर हे एका हंगामात बसत नाही, हे आत्ताच मान्य करा. या खोलीला २,८०० च्या आसपास भेंडे लागतात. दोन माणसे एका साच्याने दिवसाला १५० पाडतात. म्हणजे सलग एकोणीस दिवस, आणि सुट्टीच्या हिशेबाने नऊ-दहा आठवडे. अशांनी पहिल्या वर्षी जोते आणि छप्पर करावे. छपराखाली वाळलेले भेंडे रचून ठेवावेत, भिंत दुसऱ्या वर्षी.

आधी बघा: जमिनीचा प्रकार कोणता आणि बांधकामाची परवानगी कुणाची लागते, हे ग्रामपंचायतीत विचारून घ्या. माती बाहेरून आणणार असाल तर गौण खनिजाच्या परवान्याची चौकशी तहसील कार्यालयात करा. ट्रॅक्टर रस्त्यात अडवल्यावर ही चौकशी करण्यात अर्थ नसतो.

## २. माती तपासा

किती माती लागेल? भिंतीचे आकारमान दार-खिडक्या वजा जाता ५४० घनफुटांच्या आसपास येते. सुटी माती मळल्यावर आणि वाळल्यावर बरीच बसते. त्यामुळे वाळू धरून आठ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) आणि गिलाव्यासह नऊ ब्रास धरा.

वरचा फूटभर थर बाजूला काढा. त्यात मुळ्या आणि कुजकट असते, ते शेतात टाका. भिंतीची माती त्याखालची.

काळी माती नको. पाणी लागले की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ज्यांच्या शेतात दुसरे काहीच नाही ते भरपूर वाळू घालून ती वापरायला बघतात. त्यात वाळूचा आणि मजुरीचा खर्च एवढा होतो की तांबडी माती विकत आणलेली परवडते. चोपण जमिनीची मातीही नको. तिच्यातले क्षार पृष्ठभागावर येतात आणि गिलाव्याचा भुगा पाडतात. जुन्या पडक्या घराची पांढरी माती मिळाली तर सोडू नका. ती एकदा भिंत होऊन आलेली असते, फक्त तिच्यात क्षार नाहीत ना ते बघा. पावसाळ्यानंतर त्या पडक्या भिंतीच्या तळाशी क्षारांची पांढरी फुले दिसत असतील तर ती माती सोडा.

आता चाचण्या. शेतातल्या तीन वेगवेगळ्या जागांची माती घ्या आणि प्रत्येकीच्या वेगळ्या करा.

गोळीची चाचणी. चिखलाच्या बोरासारख्या, पाऊण इंचाच्या पाच-सहा गोळ्या करा आणि ४८ तास वाळवा. मग अंगठा आणि तर्जनीत धरून जोर लावा. एकही फुटली नाही तर चिकणाई पुरेशी आहे. काही फुटल्या तर ती माती भिंतीला नको.

वळीची चाचणी. ओल्या मातीची बोटाएवढी वळी वळा आणि तळहातावरून हळूहळू पुढे सरकवत हवेत लोंबू द्या. दोन इंचांच्या आत तुटली तर माती भुसभुशीत. दोन ते सहा इंचांच्या दरम्यान तुटली तर चांगली. सहा इंच होऊनही लोंबतच राहिली तर तिला वाळू लागेल.

बरणीची चाचणी सगळे करतात, कारण ती फोटोत छान दिसते. माती आणि पाणी हलवून ठेवायचे, वाळू मिनिटभरात खाली बसते, मग गाळ, शेवटी चिकणमाती. वाळूचा अंदाज घ्यायला ती ठीक. निम्म्याहून बरीच जास्त वाळू हवी, साठ-सत्तर टक्के. पण गाळ कुठे संपला आणि चिकणमाती कुठे सुरू झाली, हे बरणीत डोळ्यांना कळत नाही. निर्णय गोळी आणि वळीवर घ्या.

वाळू घालायची झाली तर नदीच्या वाळूसाठी अडून बसू नका. खडीच्या क्रशरवरची जाडसर वाळू किंवा चाळलेला मुरूम चालतो.

थांबा: चाचणीत पास झालेल्या मातीचेही आधी दहा भेंडे पाडा आणि महिनाभर वाळवा. तोपर्यंत पायाचे काम करा. या दहा भेंड्यांचे पुढे काम आहे.

## ३. पाया आणि जोते

मातीचे घर म्हणून पायाही मातीचा, असे काही जण धरून चालतात. जमिनीपासून वर दीड-दोन फुटांपर्यंत माती कुठेच नको. तिथे दगड, आणि तोही चुन्यात किंवा सिमेंटात बांधलेला.

चर कडक मुरूम लागेपर्यंत खणा. काळ्या रानात तो तीन-चार फुटांवरही लागतो. मध्येच थांबलात तर खालची काळी माती दरवर्षी फुगेल आणि भिंतीला कोपऱ्यातून तिरकी चीर जाईल. वरून गिलावा करून ती मिटत नाही. चराची रुंदी अडीच ते तीन फूट ठेवा.

जोत्याची उंची देशावर दीड फूट, घाटमाथ्यावर आणि कोकणात किमान दोन फूट. पागोळ्यांचे, म्हणजे छपराच्या कडेवरून गळणारे पाणी जमिनीवर आपटून फूट-दीड फूट उडते, आणि मातीची भिंत वरून भिजण्यापेक्षा या उडणाऱ्या पाण्याने जास्त जाते.

जोते दोन फूट रुंद बांधा. भिंत त्याच्या बाहेरच्या कडेला येईल आणि आत सहा इंच जागा खांबांसाठी उरेल. उलटे करू नका. बाहेर सहा इंचांचा कट्टा राहिला की त्यावर पाणी साचते आणि भिंत तळातून ओल ओढते.

जोत्यावर शहाबादी लाद्या पक्क्या दर्जा (सांध्यांच्या फटी) भरून बसवा. बाहेर दीड इंच येऊ द्या, तेवढी जागा गिलावा घेईल. लादीमुळे जमिनीची ओल वर चढत नाही, आणि वाळवीला वर यायचे तर लादीला वळसा घालून मातीचा बोगदा करावा लागतो. तो दिसतो. दिसला की मोडायचा.

तपासा: पाण्याच्या नळीने चारही कोपऱ्यांची पातळी बघा. गुण्या लावून काटकोन बघून झाल्यावर दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे हवेत. इथला एक इंच वर कौलांपर्यंत छळतो.

## ४. छप्पर भिंतीच्या आधी

यावर वाद घालणारे भेटतील, कारण भिंतीवर वासे टेकवले की खांबांचा खर्च वाचतो. अनुभवी गवंडी असेल तर तसे जरूर करावे. पण पहिल्यांदाच बांधणाऱ्याची भिंत हळू चढते आणि अवकाळी पाऊस मार्च-एप्रिलमध्येच येतो. डोक्यावर कौले असली की गारपिटीतही भेंडे कोरडे राहतात, आणि उन्हाच्या तडाख्यात भिंत भराभर वाळून तडकत नाही.

सहा खांब: चार कोपऱ्यांना, दोन लांब भिंतींच्या मध्यावर. प्रत्येक खांबाखाली तळखडा, म्हणजे खांब टेकायचा दगड. खांब जमिनीत गाडू नका, वाळवी आणि ओल दोन्ही तिथूनच लागतात. जुन्या वाड्यांचे सागवान मिळाले तर उत्तम. खांब आतल्या बाजूला आल्याने खोलीतली पाच-सहा इंच जागा जाते, जाऊ द्या.

हे काम सुतारालाच द्या. आढे, तुळया, वासे यांचे सांधे व्हिडिओ बघून येत नाहीत. त्याच्याकडून करून घ्यायच्या गोष्टी मात्र तुम्हाला माहीत हव्यात:

- उतार दर दोन फुटांना किमान एक फूट, पावसाच्या पट्ट्यात त्याहून जास्त.
- वळचण, म्हणजे छपराची पुढे आलेली कड, भिंतीच्या बाहेर किमान अडीच फूट, कोकण-घाटावर तीन. आखूड वळचण ही मातीच्या घरातली सगळ्यात महागात पडणारी काटकसर आहे.
- खांब आणि तुळईच्या प्रत्येक जोडावर तिरका आधार. भिंत यायची असते, तोवर वाऱ्याने सांगाडा हलता कामा नये.
- दोन्ही बाजूंचे त्रिकोण बांबूच्या चटईने किंवा कुडाने भरायचे. तिथे मातीची जड भिंत चढवू नका.

हा शेवटचा मुद्दा भूकंपाशी जोडलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत माणसे दगावली ती मुख्यतः जाड दगड-मातीच्या भिंती आणि वरचे जड माळवद (मातीचे सपाट छप्पर) अंगावर आल्याने. तिथल्या भिंतींत आतला आणि बाहेरचा दगड एकमेकांत गुंतलेला नव्हता. आपण वर हलके छप्पर ठेवतो आहोत आणि भिंत पुढे पट्ट्यांनी बांधून घेणार आहोत.

## ५. चिखल आणि भेंडे

तुमच्या दहा भेंड्यांना आता महिना झाला असेल. एक भेंडा दोन विटांवर आडवा ठेवा, मधली जागा मोकळी, आणि त्यावर सावकाश उभे राहा. साठ-सत्तर किलोचा माणूस पेलला पाहिजे. मोडला तर चिकणाई किंवा भुसा वाढवा. एक भेंडा मुद्दाम फोडून आतला रंग बघा. मध्यभागी गडद असेल तर तो अजून ओला आहे, त्याच्यावर निकाल देऊ नका.

चिखल मुरवणे. खड्ड्यात माती आणि ठरलेली वाळू कोरडीच मिसळा, मग पाणी सोडा आणि दोन-तीन दिवस भिजू द्या. ढेकळे आतपर्यंत विरघळायला तेवढा वेळ लागतोच. मग पाच घमेली मातीला एक घमेले भुसा घालून तुडवा. गव्हाचा भुसा तसाच चालतो, भाताचा पेंढा तीन-चार इंचांचा तोडून घ्या. तुडवताना पायाला ढेकूळ लागायचे थांबले आणि पाय काढताना चिखल 'पच्च' आवाज करून सोडू लागला की झाले.

शेजारच्या वाडीतल्या एक मावशी माझा पहिला खड्डा बघायला आल्या होत्या. वाकून मूठभर चिखल उचलला, मुठीत दाबला, बोटांच्या फटींतून बाहेर आलेला ओघळ मला दाखवला आणि म्हणाल्या, "हे सारवायला घे, भिंतीला नको." पाणी जास्त झाले होते. भेंड्याचा चिखल मुठीत दाबला तर बोटांचे ठसे उमटले पाहिजेत, ओघळ येता कामा नये.

साचा. वाळलेला भेंडा १२ बाय ६ बाय ४ इंचांचा हवा. माती आकसते, म्हणून लाकडी साचा आतून साडेबारा बाय सव्वासहा बाय सव्वाचार करा. तळ नाही, दोन्ही बाजूंना मुठी. हा भेंडा आठ किलोच्या आसपास भरतो. याहून मोठा साचा करू नका. दुपारनंतर उचलणाऱ्याची कंबर आठवा.

पाडणे. सपाट जागेवर राख किंवा बारीक वाळू भुरभुरवा. साचा दर वेळी पाण्यात बुडवा. चिखलाचा गोळा जोरात आत आपटा, आधी कोपऱ्यांत. बोटांनी कोपरे दाबा, वर फळी फिरवा आणि साचा एका दमात सरळ वर उचला. भेंडा पसरला तर चिखल पातळ, साच्याला चिकटून कोपरे मोडले तर घट्ट.

वाळवणे. पहिल्या दिवशी पाडलेले सगळे भेंडे मी भर उन्हात उघडे सोडले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रत्येकाच्या पाठीवर मध्यभागी एकच आडवी चीर होती, ओळीने, जणू कुणी पट्टी ठेवून मारली असावी. वरचा भाग आकसला होता आणि खालचा ओला होता. तेव्हापासून पहिले दोन दिवस गवत किंवा पोती टाकतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भेंडा कडेवर उभा करून बुडाची चिकटलेली वाळू खरवडायची. आठवड्याने मध्ये फटी ठेवून जाळीदार रचायचे. भिंतीत जाईपर्यंत एकूण चार आठवडे.

थांबा: घाईने तीन आठवड्यांचे भेंडे लावू नका. भिंतीत गेल्यावर ते आकसतात आणि दर्जा उघड्या पडतात.

## ६. भिंत

जोडायचा गारा म्हणजे तीच माती, चाळलेली, लांब पेंढा काढलेली, वाळू थोडी जास्त. किती जास्त, ते असे ठरवा: नुसती माती, मग मातीइतकीच वाळू, दुप्पट, तिप्पट असे गारे कालवा. प्रत्येकाने दोन भेंडे एकमेकांवर चिकटवा. ४८ तासांनी उघडून बघा. ज्यात बारीक भेगांचे जाळे दिसत नाही, त्यातला सगळ्यात कमी वाळूचा गारा घ्या.

१. आधी कोपरे चढवा, मग त्यांच्यामध्ये दोरी ताणून मधला भाग. ओळंबा प्रत्येक थराला.

२. दीड फूट जाडी अशी भरते: एका थरात बाहेर लांबीने ठेवलेला भेंडा आणि आत आडवा. पुढच्या थरात उलट, बाहेर आडवा आणि आत लांबीने. यामुळे दोन्ही अंगे एकमेकांत गुंततात. उभे सांधे एकावर एक येऊ देऊ नका, सांधेमोड सगळीकडे.

३. भेंडा लावताना फक्त चिकटणारी बाजू ओल्या हाताने किंवा कुंच्याने पुसा. भट्टीच्या विटेसारखा पाण्यात बुडवलात तर तो विरघळतो. हे करणारा गवंडी मी पाहिला आहे. सवय वाईट.

४. दर्ज अर्ध्या इंचाहून जाड नको. उभ्या दर्जा पूर्ण भरा, त्या रिकाम्या ठेवायची खोड सगळ्यांना असते.

५. चारही भिंती सोबत चढवा. दिवसाला दीड फूट, त्यापुढे हात थांबवा.

६. दार-खिडक्या बाहेरच्या कोपऱ्यापासून चार फूट सोडून, आणि कुठलीही उघडी जागा चार फुटांहून रुंद नको. उघड्या जागेवरची आडवी पाटली दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट भिंतीत गेली पाहिजे. चौकटीच्या डोक्यावर इंचभर फट ठेवून तीत पेंढा कोंबा. भिंत बसते, चौकट बसत नाही.

७. पाटलीच्या पातळीवर आणि भिंतीच्या माथ्यावर लाकडाची शिडीसारखी पट्टी चारही भिंतींवरून सलग फिरवा. तीन बाय दीड इंचाच्या दोन समांतर पट्ट्या, दर दीड फुटावर आडवी दांडी, कोपऱ्यात एकमेकींवर चढवून ठोकलेल्या. आतली पट्टी प्रत्येक खांबालाही जोडा. मातीच्या घरांच्या भूकंपरोधक बांधकामाचे भारतीय मानक १३८२७ आहे, त्यात कोपऱ्यांच्या आकृत्या आहेत. त्या छापून सुतारापुढे ठेवा.

८. माथ्याची पट्टी आणि तुळई यांच्यामध्ये दोन इंच फट सोडा. महिन्याने भिंत बसल्यावर ती भुसा-चिखलाने भरा.

विजेच्या नळ्या भिंत चढवतानाच घाला. पाण्याचा नळ मात्र मातीच्या भिंतीतून अजिबात नेऊ नका. गळती सुरू झाली की कळेपर्यंत निम्मी भिंत मऊ झालेली असते.

तपासा: कोपऱ्यापासून पाच पावले मागे जाऊन एक डोळा मिटून भिंतीच्या कडेने बघा. पोट आलेले लगेच दिसते. वरचे दोन थर ओले आहेत तोवर काढून पुन्हा लावा.

## ७. गिलावा आणि जमीन

सिमेंटचा गिलावा मारू नका, जाळी ठोकूनही नाही. तो कडक असतो, खालची माती हलत राहते, केसासारखी चीर पडते, तीतून पाणी आत जाते आणि बाहेर पडू शकत नाही. दोन पावसाळ्यांनी ताटाएवढी खपली सुटते, तीही मागची माती घेऊन.

भिंत वाळली की भिजवून पहिला हात द्या: माती, वाळू आणि भरपूर भुसा, इंचभर जाड, खरबरीत ठेवलेला. याला भेगा पडल्या तरी चालते, दुसरा हात त्यांत धरतो. दुसरा हात अर्ध्या इंचाहून पातळ, बारीक चाळलेल्या मातीचा. त्यात ताजे शेण कालवून दोन-तीन दिवस मुरवायचे. मातीला वाळू किती, हे भिंतीवरच फूटभर चौकोनांत एकास एक, एकास दोन, एकास तीन असे लावून ठरवा. आठवड्याने जो तडकत नाही आणि हात फिरवल्यावर वाळूही झडत नाही, तो चौकोन घ्या.

बाहेरून चुना दिवाळीनंतर, तीन पातळ हात. कळीचा चुना विझवताना पाणी उकळते आणि उडते. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, मुले लांब. चुना पाण्यात घालायचा, पाणी चुन्यात नाही.

जमिनीसाठी मुरूम चार-चार इंचांच्या थरांत भरा, पाणी मारून धुमसाने चोपा, वर मातीचा हात आणि सारवण.

## ८. पहिला पावसाळा

पहिला जोराचा पाऊस चालू असतानाच छत्री घेऊन बाहेर जा आणि चारही बाजूंनी फिरा. पागोळ्यांचे पाणी उडून कुठपर्यंत येते, तिथे कोळशाने खूण करा. खूण जोत्याच्या वर गेली असेल तर पागोळीच्या रेषेत खडी पसरा, पाणी उडायचे कमी होते. वाऱ्याच्या बाजूची भिंत थेट भिजत असेल तर त्या पावसाळ्यापुरती झावळ्यांची किंवा गवताची झड बांधा. पाणी जोत्यापाशी साचत असेल तर चर त्याच दिवशी काढा.

आत येऊन भिंतीला तळाशी हात लावा. गार लागणे ठीक आहे. बोट टेकवल्यावर ठसा उमटला तर पाणी कुठून तरी शिरते आहे, वर कुठलेसे कौल सरकले असेल. आधी ते शोधा, चिखलाचे घमेले नंतर कालवा.